सत्तर जीएसएमची आग

माझ्या थोरल्या साडूंइतक्या लढाया अख्ख्या बुऱ्हाणपुरात कोणी हरलेल्या नाहीत, आणि या शहराने लढाया काही कमी पाहिलेल्या नाहीत. मोगल आले, मराठे आले, इंग्रज आले. आले त्यांतले बरेचसे जिंकून गेले. साडू मात्र निवृत्तीनंतर रोज दुपारी जेवण झालं की लढाईला बसतात आणि चहाच्या वेळेपर्यंत एखादं राज्य घालवून उठतात. तोंडावर पराभवाचं दुःख म्हणून काही नसतं. पाहुण्याच्या घरी आमटीत मीठ कमी पडलं तर आपला चेहरा जेवढा होतो, तेवढाच त्यांचा झालेला असतो. "हरलो," ते सांगतात, "पण मास्तर, तुम्ही त्या हत्तीची सावली पाहिली का? लढाई सकाळी सुरू झाली, चार डाव झाले. सूर्य डोक्यावरून गेला असेल. सावली जागची हलायला तयार नाही."

मास्तर म्हणजे मी. मी इथल्या एका शाळेत मराठी शिकवतो. मराठी घेणारी मुलं कमी होत गेली तसा हिंदी शिकवू लागलो, आणि आता समाजशास्त्राचा तासही माझ्याकडेच आहे, त्यामुळे कोणत्याही विषयावर अधिकारवाणीने बोलायची मला सवय झाली आहे. साडूंसमोर ती चालत नाही. ते बत्तीस वर्षं कागदाच्या कारखान्यात पेपर मशीनवर होते, आणि ज्याने बत्तीस वर्षं लगद्याचा कागद होताना पाहिला आहे त्याला जगात पक्कं असं काहीच वाटत नाही. प्रत्येक गोष्ट अजून थोडी सुधारता येईल, असं त्यांचं मत असतं, आणि ते मत ते मागण्याआधीच देतात.

त्यांच्या लढाया संगणकावरच्या. त्या खेळाचं नाव मी सांगत नाही, कारण साडूंनी त्याच्याबद्दल जे जे म्हटलं आहे ते बनवणाऱ्यांच्या कानावर जाऊन कोणाचं जेवण कमी व्हावं अशी माझी इच्छा नाही. आमची भाची, म्हणजे साडूंची एकुलती मुलगी, नोकरीसाठी बंगळूरला गेली तेव्हा आपला जुना संगणक घरी ठेवून गेली, आणि त्यात हा खेळ राहिला होता. खेळ पाळीपाळीचा आहे, बुद्धिबळासारखा. एक डाव तुमचा, एक संगणकाचा. आपल्या डावात सैन्य चार घरं पुढे सरकवायचं, शेतं लावायची, किल्ल्याची भिंत वाढवायची आणि मग डाव संपल्याचं बटण दाबायचं. ते दाबेपर्यंत शत्रू तलवार उपसून तसाच उभा राहतो. तुम्ही मध्ये जेवून आलात, झोप काढून आलात, तरी त्याची तक्रार नसते. त्याच्या या सभ्यपणावर साडू भाळले. "बत्तीस साल मशीनच्या मागे पळालो," ते मला म्हणाले. "ती कधी कोणासाठी थांबली नाही. हा बिचारा थांबतो."

त्या बिचाऱ्याच्या सभ्यपणाचा त्यांनी जो फायदा घेतला तो कोणत्याही युद्धनीतीत बसणारा नाही. त्यांचा एक डाव पाऊण तास चालतो. त्यात सैन्याला द्यायचे हुकूम दोन मिनिटांत होतात, तेही चुकीचे. बाकीचा वेळ ते त्या खेळाचं चित्र आणि आवाज तपासत असतात. चित्र मोठं करून करून ते एका घोड्याच्या खुरापर्यंत पोचतात आणि तिथे नाल ठोकलेली नाही हे पाहून कागदावर लिहून ठेवतात. एकदा त्यांची राजधानी शत्रूने वेढली होती, आत धान्य संपलं होतं, प्रजा बंड करायच्या बेतात होती, आणि साडू तटावरच्या झेंड्याकडे बघत बसले होते. झेंडा पश्चिमेला फडकत होता आणि शेजारच्या चुलीचा धूर पूर्वेला चालला होता. "अरे, वारा एक कुठला तरी ठरवा," ते म्हणाले, आणि राजधानी पडली.

या खेळात आमचं बुऱ्हाणपूर आहे असं कळल्यावर मीही उत्सुकतेने बघायला गेलो होतो. गाव होतं. गावाला कोट होता, कोटाच्या खाली तापी होती, आणि गावाच्या मागे बर्फाचे डोंगर होते. मी म्हटलं, "भाऊ, बर्फ?" साडूंनी हात हलवला. "डोंगराचं जाऊ द्या, तो दूर आहे. कोण जाऊन पाहणार? नदी पाहा." नदी निळी होती. पोहण्याच्या तलावाच्या तळाला लावतात त्या फरशीसारखी निळी. मी म्हटलं की चित्रकाराला थोडं स्वातंत्र्य असतं. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलाची बाजू घेतली होती. दुसऱ्या दिवशी रविवार होता. साडू रंगाच्या दुकानातून भिंतींच्या रंगांचं कार्ड घेऊन माझ्या दारात उभे राहिले आणि मला राजघाटावर घेऊन गेले.

घाटावर लोक आंघोळी करत होते. साडू पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात गेले, ते कार्ड पाण्याजवळ धरलं, आणि एकेक रंग नदीला लावून पाहू लागले. मी पायरीवर उभा राहून मी त्यांना ओळखत नाही असा चेहरा केला. शेंडी पिळत असलेल्या एका म्हाताऱ्याने बराच वेळ हे पाहिलं आणि शेवटी अगदी आदराने विचारलं, "बाबूजी, नदी को पेंट करवाना है क्या?" साडूंनी त्याला सगळं समजावून सांगितलं. म्हाताऱ्याने कार्ड हातात घेतलं, सावलीत धरलं, उन्हात धरलं, आणि एका मातकट हिरव्या चौकोनावर बोट ठेवलं. "ये वाला. लेकिन सिर्फ दस बजे तक." साडूंना त्या माणसाबद्दल जो आदर वाटला तो माझ्याबद्दल त्यांना आमच्या दोघांच्या लग्नांना इतकी वर्षं होऊनही वाटलेला नाही.

पण चित्र हा त्यांचा हौसेचा विषय. त्यांची खरी सत्ता होती आवाजावर. कारखान्यात त्यांचा कान प्रसिद्ध होता. पेपर मशीन म्हणजे एखाद्या गल्लीएवढं लांब धूड, त्यात शेकडो रूळ फिरणार, आणि तिथे उभं राहिलं की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. त्या गोंगाटात साडू नुसते चालत जायचे, एका ठिकाणी थांबायचे आणि बोट दाखवायचे. तिथलं बेअरिंग चार दिवसांत जायचं. आमच्या घरी कूलर आणला तेव्हा शेजारी कौतुकाने वारा घेत असताना साडूंनी त्याला कान लावला आणि म्हणाले, "बुश गेलेलं आहे." नव्या वस्तूला नावं ठेवली म्हणून आमच्या हिने तोंड फुगवलं. तिसऱ्या दिवशी कूलर अडकला. ही अजूनही म्हणते की जिजाजींच्या बोलण्यानेच तो अडकला, आणि मला हे पूर्णपणे अशक्य वाटत नाही.

असा कान घेऊन ते त्या खेळापुढे बसले. पहिल्या दोन दिवसांत निकाल लागला की सगळे हत्ती एकाच हत्तीच्या तोंडून ओरडतात, आणि तो हत्तीही सुखी नाही. घोडे वाळूत, खडकात आणि चिखलात सारखेच टापा वाजवतात. हुकूम दिल्यावर शिपाई "जो आज्ञा, महाराज" म्हणतो ते रेल्वेच्या फलाटावर गाडी उशिरा येणार असल्याचं सांगतात त्या आवाजात. वारा मोजून चाळीस सेकंदांनी पहिल्यापासून सुरू होतो. हे सगळं तपासता यावं म्हणून ते आवाज पूर्ण मोठा ठेवायचे. आमच्या गल्लीत भरदुपारी किल्ले पडू लागले, तेव्हा समोरच्या बाईंनी ताईंना विचारलं की तुमच्याकडे काही बांधकाम निघालंय का. ताई म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, साडूंची बायको. त्या म्हणाल्या, "बांधकाम कुठलं बाई, आमच्याकडे नुसतं पाडकाम चालतं." मग भाचीने हेडफोन पाठवले आणि गल्लीत शांतता झाली.

हेडफोन आल्यावर आठ दिवसांनी त्यांनी मला बोलावून घेतलं. पडद्यावर त्यांचाच एक किल्ला जळत होता. त्यांनी माझ्या डोक्यावर हेडफोन चढवला. "काय ऐकू येतं?" मी म्हटलं, "आग." "नीट ऐका." मी नीट ऐकलं आणि म्हटलं, "मोठी आग." त्यांनी सुस्कारा टाकला. "मास्तर, हा कागद आहे. कोणीतरी माइकजवळ कागद चुरगळून राहिलाय. पांढरा, छपाईचा, सत्तर जीएसएमचा." जीएसएम हे कागदाचं वजन मोजायचं माप, एवढं मला त्यांच्या सहवासात कळलं होतं. जळत्या किल्ल्यातून कागदाचं वजन ओळखणारा माणूस मात्र मी पहिल्यांदाच पाहत होतो.

याआधी त्यांनी खेळ बनवणाऱ्या कंपनीला सात तक्रारी पाठवल्या होत्या. मजकूर त्यांचा, भाषा माझी. कारखान्यात मशीनचा बिघाड कळवतात त्याच साच्यात ते सांगायचे: स्थळ: तापी नदी; दोष: रंग; केव्हापासून: सुरुवातीपासून; उपाय: येऊन पाहणे. सातही तक्रारींना उत्तर आलं नव्हतं आणि त्याचं मला आश्चर्य वाटलं नव्हतं. आठवी तक्रार आगीची. तिला दोन दिवसांत उत्तर आलं. एका मुलीने लिहिलं होतं, मराठीतच. कंपनीत आवाजाचं काम तीच करत होती. आग खरोखर कागदाची होती. छपाईच्या यंत्रातला कागद काढून खोली बंद करून तिने तो स्वतः चुरगळला होता, आणि इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. फक्त कागद सत्तरचा नव्हता. तिने वेष्टन पाहिलं, पंचाहत्तरचा होता.

साडूंनी ते पत्र मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "तिला विचारा, कुठे राहते." ती समुद्राकाठच्या शहरात राहत होती. "मग बरोबर," साडू म्हणाले. "दमट हवेत कागद नरम पडतो. पंचाहत्तरचा सत्तरसारखा वाजतो. चूक माझी नाही."

त्या मुलीने हे मान्य केलं आणि पुढचं लिहिलं. खेळाची नवी आवृत्ती करायचं चाललं होतं, त्यात आपला मुलूख पुन्हा नीट रंगवणार होते, आणि तिला इथले खरे आवाज हवे होते. तापीचं पाणी, दगडी रस्त्यावरचा घोडा, केळीच्या बागेतला वारा. काका घेऊन पाठवतील का? सोबत तिने आवाज टिपायचं छोटं यंत्र कुरिअरने पाठवलं. ते आलं त्या दिवशी साडूंनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मगच खोकं उघडलं. ताई मला हळूच म्हणाल्या, "लग्नाआधी मला पाहायला आले होते तेव्हा शर्टाला इस्त्री नव्हती, भाऊजी."

पाणी एका सकाळी मिळालं. घोडा एका वरातवाल्याकडे मिळाला. त्याला दगडावरून बँडशिवाय चालायची सवय नव्हती, म्हणून तो दर दहा पावलांवर थांबून नाचायचा, पण शेवटी चालला. राहिला केळीचा वारा. त्यासाठी आम्ही जसोंडीला गेलो. ताईंचं आणि आमच्या हिचं माहेर तिथलं. मेहुण्यांची केळीची बाग आहे. आमचा बेत ऐकून मेहुणे हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. "पान हललं तं आवाज होईनच," एवढंच ते म्हणाले. "त्यात टिपून घ्यायचं काय, ते काही समजलं नाही. पण घ्या."

बागेत गेल्यावर कळलं की केळीच्या बागेत वाऱ्याखेरीज सगळं ऐकू येतं. आमच्या विहिरीवर मोटार, शेजाऱ्याच्या विहिरीवर मोटार, त्याच्या शेजाऱ्याची मोटार या दोघींपेक्षा मोठी. आवाज शुद्ध हवा असेल तर वीज जायला हवी होती. एरवी हा काही अवघड प्रसंग नाही. पण त्या दिवशी वीज मंडळाला काय सुचलं होतं कोणास ठाऊक. अकरा वाजले, बारा वाजले, वीज आपली टिकून. बुऱ्हाणपूर जिल्ह्यात वीज जाण्याची प्रार्थना करणारे त्या दिवशी आम्ही दोघेच असू. मी बांधावर बसून शेंगदाणे संपवले. साडू दोन ओळींच्या मधे यंत्र हातात धरून उभे होते, हेडफोन कानावर. एक वाजायच्या सुमारास सगळ्या मोटारी एकदम बंद पडल्या, आणि अशी शांतता झाली की मला माझ्या तोंडातला दाणा ऐकू आला.

मग वारा सुटला. उन्हातला, कोरडा, चांगला जोरदार. सगळी बाग एका टोकाकडून वाजायला लागली आणि तो आवाज आमच्या डोक्यावरून दुसऱ्या टोकाला गेला. मी साडूंकडे पाहिलं. ते यंत्राचं बटण दाबत होते, सोडत होते, पुन्हा दाबत होते.

"मशीन बंद पडली वाटतं," ते म्हणाले.

यंत्रावरचा हिरवा दिवा लागलेला होता. आवाजाची पट्टी वर जात होती, खाली येत होती. ते मला दिसत होतं. त्यांनाही दिसत होतं.

"काही येत नाही आतून," ते म्हणाले.

मी हेडफोन मागून घेतला आणि लावला. आत वारा इतका वाजत होता की मी दचकलो. मी म्हटलं, "येतंय, भाऊ."

"चांगलं येतंय?"

"हाव. चांगलं येतंय."

साडूंनी वर पाहिलं. पानं हलत होती. त्यांनी हेडफोनशिवाय, उघड्या कानांनी, मान तिरकी करून ऐकून पाहिलं; कारखान्यात ते अशीच मान करत असतील. नंतर त्यांनी ती सरळ केली. जवळचे, दणक्याचे, खेळात पूर्ण मोठे केलेले आवाज त्यांना अजून येत होते, म्हणून आम्हाला कोणालाच कळलं नव्हतं. बारीक आवाज कधीचे निघून गेले होते. त्यांना ते किती दिवस ठाऊक होतं, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

"मग तुम्ही ऐका," ते म्हणाले, "आणि मला सांगा. त्या पोरीला सोबत लिहून पाठवायचं आहे, काय काय आहे त्यात."

मी वीस वर्षं मराठी शिकवतो आहे. मी म्हटलं, "सळसळ."

"तो शब्द झाला," साडू म्हणाले. "आवाज सांगा."

मी डोळे मिटले. मला कबूल केलं पाहिजे की त्या बागेत मी लग्नापासून येतो आहे, तिथली केळी खाल्ली आहेत, तिथल्या सावलीत झोपलो आहे, आणि ती बाग मी कधी ऐकली नव्हती. मी सांगू लागलो. वरची पानं वाऱ्याने फाटून त्यांच्या पट्ट्या झालेल्या आहेत, त्या एकमेकींवर आपटतात, ओलं धोतर झटकल्यासारख्या. खाली बुंध्याला लोंबणारी वाळकी पानं आहेत, ती खरवडल्यासारखी वाजतात. आणि या दोन्हींच्या मधे एक जाड, मोठं, अजून न फाटलेलं पान आहे, ते एकटंच थांबून थांबून धप्प करतं. साडू समोर उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत होते आणि प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते, जशी काय मी हजेरी घेत होतो आणि सगळे हजर होते. "वाळकी किती लांब आहेत?" "पाचसहा हात." "लिहा." मी लिहिलं. वीज आली, मोटारी सुरू झाल्या, आणि आम्ही घरी आलो. वाटेत साडूंनी बसच्या इंजिनालासुद्धा कान लावला नाही.

कानाच्या डॉक्टरकडे न्यायला पंधरा दिवस लागले. त्यांना काचेच्या खोलीत बसवून कानात शिट्ट्या वाजवल्या आणि ऐकू आली की बटण दाबा म्हणून सांगितलं. बाहेर येऊन साडूंनी डॉक्टरला सांगितलं की तुमच्या मशीनचा वरचा आवाज बंद पडलाय, दुरुस्तीला द्या. डॉक्टर तरुण होता, समजूतदार होता. त्याने विचारलं, "अंकल, काम कहाँ करते थे?" साडूंनी सांगितलं. "कान में कुछ लगाते थे? रुई, प्लग?"

"कान बंद करता तो मशीन कैसे सुनता?" साडू म्हणाले.

डॉक्टरने तपासणीचा आलेख पुढे सरकवला. एक रेघ सरळ येत होती आणि मध्येच असीरगडाच्या कड्यावरून लोटून दिल्यासारखी खाली गेली होती. साडूंनी कागद उजेडात धरला, पाठीमागून पाहिला, अंगठ्याने चोळला. "छपाई स्वच्छ आहे," ते म्हणाले. मी बाहेर जाऊन पाणी पिऊन आलो.

यंत्र मिळालं कानाचं. त्याने थोडा फरक पडेल, सगळं परत येणार नाही, असं डॉक्टरने सांगितलं होतं, आणि तसंच झालं. साडू ते घालतात आणि त्याला नावं ठेवतात; ताटं त्यात करवतीसारखी वाजतात म्हणे. पण खेळ बंद झाला. संगणकावर ताईंनी भरतकामाचा रुमाल टाकला. मी गेलो की साडू कोऱ्या भिंतीकडे तोंड करून बसलेले असायचे आणि भिंतीच्या रंगाबद्दलही त्यांचं काही म्हणणं नसायचं. ताईंनी एकदा मला दारापर्यंत पोचवायला येताना सांगितलं, "भाऊजी, महिना झाला, घरात एकही राज्य बुडालं नाही. मला बरं नाही वाटून राहिलं."

पावसाळा जाऊन थंडी सुरू झाली तेव्हा नवी आवृत्ती आली. त्या मुलीने लिहिलं होतं की पाणी, घोडा, वारा सगळं घातलं आहे, आग खऱ्या लाकडांची केली आहे, आणि काकांनी आता सगळं तपासून दोष कळवावेत. भाचीने बंगळूरहून बसल्या जागी ती इथल्या संगणकात उतरवून दिली. साडूंनी मला सांगितलं, "लिहून टाका, काका आता तपासत नाहीत." मी ते लिहिलं नाही. शाळेत परीक्षा होत्या, मला वेळ झाला नाही, असं मी त्यांना सांगितलं. वेळ होता.

पुढचं मला आमच्या हिच्याकडून कळलं. एके दुपारी ताईंनी रुमाल काढला, खुर्ची ओढली आणि हेडफोन स्वतःच्या डोक्यावर चढवला. "लावा ते," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मी सांगते." ज्या बाईने आजवर त्या पडद्याकडे फक्त धूळ पुसण्यापुरतं पाहिलं होतं, तिला साडूंनी अविश्वासाने बाग काढून दिली. ताईंनी थोडा वेळ ऐकलं. "दुपारची आहे," त्या म्हणाल्या. "सकाळची पानं ओली असतात, जड वाजतात. ही सुकलेली आहेत." साडूंनी विचारलं, "तुला कसं कळलं?" ताई म्हणाल्या, "माझं बालपण कुठे गेलं, असं वाटतं तुम्हाला? मोटारी नव्हत्या तेव्हा. हेच ऐकू यायचं दिवसभर."

बत्तीस वर्षं साडू कारखान्यातून यायचे ते गोंगाट डोक्यात घेऊन यायचे. ताई ओरडून बोलायच्या, ते ओरडून उत्तर द्यायचे, आणि दोघांत जेवण वाढलं आहे, लाइट गेली आहे, असलीच वाक्यं व्हायची. ताईंना काय काय ऐकू येतं, हे विचारायचं कोणालाच सुचलं नव्हतं. आता साडू विचारतात आणि लिहून घेतात. त्या कंपनीला चौदा दोष गेले आहेत, त्यांतले अकरा ताईंचे. एका दोषात असं म्हटलं आहे की दगडावरचा घोडा डाव्या मागच्या पायाने लंगडतो. ते खरं निघालं. आम्ही टिपलेला घोडाच लंगडा होता.

परवा शाळा लवकर सुटली म्हणून मी सरळ त्यांच्याकडे गेलो. दार लोटलेलं होतं. आल्याआल्या काय टोमणा मारायचा ते मी वाटेतच ठरवलं होतं. ताई हेडफोन लावून डोळे मिटून बसल्या होत्या. साडूंनी आपली खुर्ची पडद्याकडून पूर्ण फिरवली होती आणि ते ताईंच्या ओठांकडे बघत होते. पडद्यावर त्यांचं सैन्य कुठल्याशा नदीकाठी होतं आणि बहुधा हरत होतं. मी चौकटीपाशीच थांबलो.

"थांबला," ताई म्हणाल्या.

"कोण?"

"वारा."

साडूंनी डाव संपवायच्या बटणावर ठेवलेलं बोट उचललं. "मग थांबू या," ते म्हणाले. "येईल परत."